कळतं सगळं, पण सोडावीशी वाटत नाही, त्याचं काय करायचं?

प्रश्न: वय 43. चोवीस वर्षं सिगरेट ओढतोय, दिवसाला पंधराच्या आसपास. दुष्परिणाम तोंडपाठ आहेत. बायको आणि मुलगी मागे लागल्या आहेत, डॉक्टरांनीही दोनदा बजावलंय. आजवर तीन वेळा सोडली, सगळ्यांत जास्त टिकली ती पाच महिने. आता मात्र सोडायची इच्छाच आतून होत नाही. सगळे म्हणतात, मनापासून वाटलं तरच सुटते. ते ‘मनापासून’ आणायचं कुठून?

उत्तर:

लोकांची सिगरेट सोडवण्याच्या कामात मला बावीस वर्षं झाली. तुमचा शेवटचा प्रश्न या ना त्या शब्दांत मी जवळपास रोज ऐकते. विचारणारा बहुतेक वेळा मान खाली घालून विचारतो, जणू इतरांकडे असलेली एखादी गोष्ट त्याला मिळायची राहून गेली आहे. तसं काही नाही. चूक आहे ती ‘मनापासून वाटलं तरच सुटते’ या समजुतीत. या समजुतीपायी माणसं वर्षानुवर्षं थांबून राहिलेली मी पाहिली आहेत. एक दिवस सकाळी उठू आणि सिगरेट नकोशी झालेली असेल, असं त्यांना वाटत असतं. तो दिवस येत नाही. ज्यांनी सोडली त्यांच्याही आयुष्यात तो आलेला नव्हता. आदल्या रात्री शेवटची सिगरेट त्यांनी चवीने ओढली, आणि तरी दुसऱ्या दिवशी सोडली.

तुम्हाला सिगरेट सोडायची आहे आणि ओढायचीही आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे. सोडायची अजिबात नसती तर तीन वेळा प्रयत्न झाला नसता, आणि इच्छा कुठून आणू असं विचारायची वेळही आली नसती. तेव्हा आपलं काम शून्यातून इच्छा निर्माण करायचं नाही. जी आहे पण दबून बसली आहे, तिला बोलतं करायचं आहे.

ती दबली कशाने, हे आधी समजून घ्या. झुरका घेतल्यावर निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. शिरेत सुई टोचूनही इतक्या लवकर पोचत नाही. तिथे डोपामिन नावाचं, सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं आणि मेंदू नोंद करून ठेवतो: हे चांगलं होतं, पुन्हा कर. एका सिगरेटचे दहाच झुरके धरले तरी दिवसाला दीडशे झाले. चोवीस वर्षांत तेरा लाखांच्या वर. तेरा लाख वेळा तुमच्या मेंदूने हा धडा गिरवला आहे. त्यामुळे ‘आतून’ जो आवाज येतो, तो सगळाच्या सगळा तुमचा आहे असं धरून चालू नका. त्यातला बराचसा निकोटिनने पढवून घेतलेला आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रभरात ते जवळपास संपतं, म्हणून सकाळची पहिली सिगरेट सगळ्यांत गोड लागते. ती गोडी म्हणजे रात्रभर साचलेली ओढ फिटल्याचं समाधान. ही ओढ आणि तुमची सोडायची इच्छा समोरासमोर उभ्या केल्या तर इच्छा किडमिडीच दिसणार. तिच्याकडून तलफेइतक्या जोराची अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आता एक साधा प्रश्न विचारते. शून्य ते दहा या पट्टीवर, सिगरेट सोडणं आज तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे? पहिला मनात येईल तो आकडा धरा. समजा चार आला. बहुतेक डॉक्टर आणि झाडून सगळे घरचे इथे विचारतात, ‘चारच? नऊ का नाही?’ मग तुम्ही कारणं देऊ लागता: कामाचा ताण आहे, सवय जुनी आहे, आता काय फरक पडणार. तुमच्याच तोंडून सिगरेटची बाजू मांडली जाते आणि बोलता बोलता ती तुम्हालाच पटत जाते. मी उलटं विचारते. चार का? एक का नाही? इथे माणूस थबकतो. मग जे उत्तर येतं त्याचीच मी वाट पाहत असते.

ही पद्धत माझी नाही. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना समुपदेशनाची ही रीत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती वाढवली. तिचं सार असं की माणूस दुसऱ्याचं ऐकून बदलत नाही, स्वतःच्या तोंडचं ऐकून बदलतो. दोन्हीकडे ओढल्या जाणाऱ्या माणसाला एका बाजूने ढकललं की तो आपोआप दुसरी बाजू सावरून धरतो. तुमच्या घरी रोज हेच होत असणार. बायको म्हणते सोड, तेव्हा तुम्ही बचावाला उभे राहता. त्यांची काळजी खरी आहे, पण तिचा परिणाम उलटा होतो. त्यांना एक विनंती करून बघा: ‘पंधरा दिवस सिगरेटचा विषय काढू नका, मी स्वतःच त्यावर विचार करतोय.’ घरातला विरोधी पक्ष गप्प बसला की ती बाजूही तुम्हालाच मांडावी लागते.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वयाने तुमच्याएवढेच. आकडा सांगितला तीन. एक का नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘मीटिंग दोन तासांची असली की पाऊण तासानंतर माझं लक्ष दाराकडे असतं. समोरचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. माझ्या दिवसाचं वेळापत्रक मी ठरवत नाही, ती ठरवते.’ कर्करोग, हृदयविकार यांतला एक शब्दही नव्हता त्यात. ते वाक्य मी त्यांना त्यांच्याच अक्षरात लिहून काढायला सांगितलं. त्या वाक्यावर त्यांनी सोडली. आणखी एका बाईंना खोटं बोलण्याचा वीट आला होता. नवऱ्याला माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक सिगरेटनंतर तोंड धुणं, कपडे झटकणं, कुठे होतीस याचं उत्तर तयार ठेवणं. त्या म्हणाल्या, ‘धुराचं काय ते नंतर बघू, मला हे लपवणं थांबवायचंय.’ एका तरुण बापाला बाळाला उचलून घ्यायच्या आधी हात धुवायचा कंटाळा आला होता. तिसऱ्याला पोहताना पूर्वीइतका दम टिकत नव्हता.

ही कारणं लहान वाटतील. मला तीच मोठी वाटतात, कारण ती आजची आहेत. सिगरेटचं सुख दहा सेकंदांत मिळतं आणि कर्करोगाची भीती वीस वर्षांनंतरची असते. मनुष्यस्वभाव असा की जवळचं लहान सुख लांबच्या मोठ्या नुकसानीवर मात करतं. त्यामुळे लांबचं कारण कितीही भयंकर असलं तरी ऐन तलफेच्या वेळी ते कामाला येत नाही. तिथे आजचंच काहीतरी लागतं, आणि ते तुमचंच असावं लागतं.

यावर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार शिकवून गेला. पस्तिशीपुढच्या 561 धूम्रपान करणाऱ्यांची श्वासाची चाचणी केली. निम्म्यांना चाचणीचा नुसता आकडा कळवला आणि निम्म्यांना ‘फुफ्फुसाचं वय’ सांगितलं, म्हणजे तुमची फुफ्फुसं अमुक वर्षांच्या निरोगी माणसासारखी आहेत असं. वर्षभराने पहिल्या गटातल्या 6.4 टक्के लोकांनी सोडलेली होती, दुसऱ्यातल्या 13.6 टक्के. माहिती तीच, फक्त ती त्या माणसाच्या भाषेत आली. याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. ज्यांची फुफ्फुसं जास्त खराब निघाली, त्यांनी इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सोडली असं दिसलं नाही. म्हणजे घाबरण्यामुळे फरक पडला असं म्हणता येत नाही. मला वाटतं, ‘हे माझ्याबद्दल आहे’ असं वाटल्यामुळे पडला. शक्य असेल तर ही चाचणी करून घ्या, सोपी असते.

दुष्परिणाम तुम्हाला पाठ आहेत म्हणता, म्हणून ते उगाळत नाही. पण तुमच्या वयासाठी एक हिशेब सांगायलाच हवा, कारण ‘आता चाळिशी उलटली, व्हायचं ते नुकसान होऊन गेलं’ हा विचार या वयात मनात ठाण मांडतो आणि सोडायची इच्छा आतल्या आत मारतो. ब्रिटनमध्ये 1951 साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी डॉक्टरांवरच एक अभ्यास सुरू केला. चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांची नोंद पन्नास वर्षं ठेवली गेली आणि 2004 मध्ये अखेरचे निष्कर्ष आले. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची ती दहाही वर्षं जवळपास वाचली, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षी तीन. तुम्ही चाळीस आणि पन्नासच्या मध्ये उभे आहात. नऊ की सहा, हे पुढच्या काही वर्षांत ठरणार आहे. माझ्या मते चाळिशीतल्या माणसासाठी याहून मोलाची आकडेवारी नाही.

आणि ‘कमी करतो, दोन-चारवर आणतो’ हा मधला मार्ग मनात असेल, तर हृदयाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. 2018 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यात दिसलं. शिवाय कमी केलेल्या सिगरेटी माणूस जास्त खोल ओढतो आणि त्या चारची वाट पाहण्यात दिवस घालवतो. पूर्ण सोडणं हे कमी करण्यापेक्षा सोपं जातं, असं मला बहुतेकांनी सांगितलं आहे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. एक छोटी वही पाकिटाबरोबर ठेवा. पुढचे चार दिवस एकही सिगरेट कमी करू नका. फक्त पेटवण्याआधी वेळ लिहा, आत्ता किती हवीशी वाटते ते दहापैकी लिहा, आणि विझवल्यावर किती आवडली ते दहापैकी लिहा. एवढंच. पाचव्या दिवशी वही उघडा. माझा अनुभव असा की पंधरापैकी तीन किंवा चार सिगरेटी माणसाला खरोखर आवडलेल्या असतात. बाकीच्या आधीच्या सिगरेटची परतफेड म्हणून ओढलेल्या असतात, कर्जाचा हप्ता भरावा तशा. कितीतरी जण ही वही बघून गप्प होतात. आपल्याला सिगरेट आवडते असं चोवीस वर्षं म्हणत आलो आणि त्यातल्या अकरा-बारा आवडतच नव्हत्या, हे स्वतःच्या अक्षरात वाचणं वेगळं असतं. मी सांगून ते पटत नाही, म्हणून मी सांगत बसत नाही, वही देते.

त्याच वहीत मागच्या बाजूला दुसरी एक यादी करा आणि ती अगदी प्रामाणिकपणे करा: सिगरेट मला काय देते? हे पान लिहायला लोक कचरतात, कारण सगळ्यांनी त्यांना फक्त तोटे लिहायला सांगितलेलं असतं. पण ती काहीतरी देते म्हणूनच चोवीस वर्षं टिकली ना! कामातून उठायला निमित्त देते. पाच मिनिटांचा एकांत देते. बाहेर उभं राहिलं की दोन माणसं बोलायला मिळतात. राग आला की हाताला काहीतरी करायला मिळतं. यातल्या प्रत्येक गरजेसाठी दुसरी सोय केल्याशिवाय सोडलेली सिगरेट तिसऱ्या-चौथ्या महिन्यात परत येते, कारण ती जागा रिकामी राहिलेली असते. एकांत हवा असेल तर पाच मिनिटं बाहेर जाणं सोडू नका, फक्त सिगरेट नेऊ नका. हे ऐकायला फार साधं वाटतं, पण ‘सिगरेट सोडली आणि विश्रांतीही सोडली’ अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांची चिडचिड निम्मी निकोटिनची असते आणि निम्मी विश्रांती गमावल्याची.

त्या यादीत ‘ताण कमी होतो’ हे नक्की येईल. त्यावर जरा थांबू या, कारण सोडायची इच्छा सगळ्यांत जास्त अडते ती इथेच. सिगरेट ओढल्यावर हलकं वाटतं हे खरं आहे, तुमचा भ्रम नाही. पण शेवटच्या सिगरेटला तास-दीड तास झाला की अस्वस्थपणा वाढू लागतो, चित्त लागत नाही. ही निकोटिन उतरण्याची लक्षणं आहेत. नवी सिगरेट ती घालवते, आणि आपण समजतो कामाचा ताण गेला. न ओढणाऱ्या माणसाला हा ताण मुळात येतच नाही. 2014 मध्ये 26 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सिगरेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला. पहिले दोन-तीन आठवडे मात्र याच्या अगदी उलट वाटतं, आणि माणूस तेवढ्यावरून निष्कर्ष काढतो: ‘बघा, सिगरेटशिवाय मला जमत नाही.’ लक्षणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जोरात असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतात. त्या काळात स्वतःविषयी कुठलाही निष्कर्ष काढू नका, एवढं माझं ऐका.

आता पट्टीवरचा दुसरा आकडा. सोडायची ठरवलीत तर जमेल असा विश्वास किती? शून्य ते दहा. तुम्ही तीनदा प्रयत्न केलेत, म्हणून मला शंका आहे की तुमचा खरा अडसर या आकड्यात आहे. ज्याला ‘इच्छाच नाही’ म्हणतो ते पुष्कळदा पुन्हा हरण्याची भीती असते. चौथ्यांदा सोडायची, सगळ्यांना सांगायचं आणि पुन्हा पेटवायची, यापेक्षा ‘मला सोडायचीच नाही’ म्हणणं कमी अपमानाचं वाटतं. माझ्यासमोर बसून हे मान्य करताना मोठमोठी माणसं रडली आहेत. तुमच्या बाबतीत तसं असेल तर इच्छा शोधत बसू नका, ती जागेवर आहे. कमी पडते ती मदत.

आधीच्या तीन वेळा तुम्ही औषध घेतलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक जण नुसत्या निग्रहावर सोडतात. तसं सोडणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणांचीच वर्षभर सुटलेली राहते. म्हणजे अपयश आलं ते ठरलेलंच होतं म्हणा ना, त्यात तुमच्या स्वभावाचा दोष काढायचं कारण नाही. निकोटिनची पट्टी (कातडीवर चिकटवायची) किंवा निकोटिनचा च्युइंग गम घेतला तर यशाची शक्यता साधारण दीडपट होते. पट्टी आणि गम दोन्ही बरोबर वापरले तर एकट्यापेक्षा चांगला गुण येतो: पट्टी दिवसभर सावकाश निकोटिन देत राहते, गम अचानक आलेल्या तलफेसाठी. व्हॅरेनिक्लिन, सायटिसिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या असतात. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर तुमचं शरीर निकोटिनवर बरंच अवलंबून आहे. अशा वेळी औषधाशिवाय लढायचा हट्ट धरू नका. ‘एक व्यसन सोडून दुसरं कशाला?’ असं पुष्कळ जण विचारतात. पट्टीतून निकोटिन हळूहळू आणि कमी मिळतं, आणि धुरातली सात हजारांवर रसायनं, त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोगकारक, ती त्यात नसतात. गम चघळायची मात्र एक रीत आहे. थोडा चघळायचा, जीभ चुरचुरली की गालाच्या आत दाबून ठेवायचा, चुरचुर थांबली की पुन्हा चघळायचा. साध्या गमसारखा चघळत राहिलात तर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात आणि तलफही भागत नाही. मग लोक म्हणतात, गमचा उपयोग झाला नाही.

जाता जाता कॉफीचं सांगते, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जोरात करत असतं. सिगरेट बंद झाली की तो वेग मंदावतो आणि पूर्वीइतकीच कॉफी घेतली तरी रक्तातलं कॅफिन वाढतं. छातीत धडधड, झोप न लागणं, हात कापणं हे सगळं माणूस सिगरेट सोडल्याच्या खात्यावर मांडतो. पहिले काही आठवडे कॉफी निम्म्यावर आणा. काही औषधांचंही असंच होतं, त्यातही दम्याच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांचं. नियमित औषध चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. पूर्वी कधी नैराश्याचा त्रास झाला असेल तर तेही सांगा.

तारीख कधी ठरवायची? पुस्तकी उत्तर आहे दोन आठवड्यांच्या आतली एखादी तारीख. मीही पुष्कळांना तेच सांगते. पण इंग्लंडमधल्या एका पाहणीत, 2006 साली, असं दिसलं की सोडण्याचे जवळपास निम्मे प्रयत्न कुठलीही तयारी न करता, त्या क्षणी ठरवून झालेले होते, आणि ते ठरवून केलेल्यांपेक्षा जास्त टिकले होते. त्यावरून मी एक शिकले. इच्छा लाटेसारखी येते. मुलगी काहीतरी बोलून जाते, जिना चढताना धाप लागते, ओळखीच्या कुणाची तरी बातमी येते, आणि अर्धा तास मन अगदी स्वच्छ असतं. तुमच्याही मनात अशी लाट येत असणार, महिन्यातून एकदा तरी. लोक तो अर्धा तास हळहळण्यात घालवतात. त्या अर्ध्या तासात पाकीट पाण्याखाली धरा, लायटर देऊन टाका, एका माणसाला फोन करून सांगा आणि पट्टी घेऊन या. लाट ओसरल्यावर मागे फिरणं जरा अवघड होऊन बसेल, एवढीच व्यवस्था करायची आहे. म्हणून पट्ट्यांची चौकशी, डॉक्टरांशी बोलणं हे सगळं आजच करून ठेवा, लाटेची वाट न पाहता.

तलफेच्या क्षणी कारण हाताशी कसं ठेवायचं, हे राहिलं. वहीतून तुमचं जे वाक्य निघेल ते एकच ठेवा. यादी नको, कारण तलफ आलेली असताना यादी वाचली जात नाही. वाक्य तुमच्या रोजच्या बोलीत असू द्या, भाषणासारखं नको. आणि ते ठरलेल्या जागांना बांधा: जेवण झाल्यावर, गाडीत बसल्यावर, फोन ठेवल्यावर. ‘जेवण झालं की ताट घेऊन उठायचं आणि हे वाक्य म्हणायचं’, इतकं नेमकं. तलफ तीन ते पाच मिनिटांत उतरते, तुम्ही ओढा किंवा न ओढा. तेवढा वेळ पायावर उभं राहून काढायचा. कुणी सिगरेट पुढे केली तर ‘सोडायचा प्रयत्न करतोय’ असं म्हणू नका, त्यावर समोरचा ‘घे रे एक’ म्हणणारच. ‘मी ओढत नाही’ म्हणा. पहिल्या आठवड्यात हे म्हणताना जीभ अडखळते, खोटं बोलल्यासारखं वाटतं. तरी म्हणा.

वजनाची धास्ती असेल तर खरं तेच सांगते: सरासरी चार-पाच किलो वर्षभरात वाढतं, काहींचं वाढत नाही. सिगरेट चालू ठेवण्याइतकं ते नुकसानीचं नाही. पहिल्या दोन महिन्यांत वजन उतरवायच्या मागे लागू नका, एका वेळी एकच लढाई. खोकला काही दिवस वाढू शकतो, छाती स्वच्छ होऊ लागल्याचं ते लक्षण असतं. थुंकीत रक्त दिसलं किंवा खोकला आठवडेच्या आठवडे रेंगाळला तर मात्र दाखवून घ्या.

सोडल्यावर कधी एखादी ओढली गेली तर पाकीट विकत घेऊ नका आणि पट्टी काढू नका. ‘मोडलंच आहे तर आता काय’ या विचाराने जे नुकसान होतं, ते त्या एका सिगरेटने होत नाही.

शेवटचं, आणि हे मी तुम्हाला समोर बसवून सगळ्यांत आधी विचारलं असतं. ते पाच महिने. तुम्ही ते अपयशाच्या खात्यात लिहिलेत. दीडशे दिवस तुम्ही सिगरेटशिवाय जेवलात, कामाला गेलात, भांडलात, झोपलात, म्हणजे शरीराची ओढ तेव्हा केव्हाच संपलेली होती. मग एक सिगरेट पेटली. ती कुठे पेटली, किती वाजता, बरोबर कोण होतं, कुणाच्या पाकिटातली होती आणि पेटवण्याच्या आधीच्या मिनिटात तुम्ही स्वतःला नेमकं काय सांगितलंत, ते आज रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बहुतेक वेळा ते वाक्य ‘आता माझी सुटली आहे, एकीने काय होतंय’ किंवा ‘आज इतकं झालंय की आज चालेल’ यांपैकी एक असतं. तुमचं कोणतं होतं ते तुम्हालाच माहीत. या खेपेला पहिली तयारी त्या वाक्याला उत्तर देण्याची करू.